सांगणार हिराबाई, लिहून घेणार निर्मला

निर्मलाबाई गेल्याची बातमी मला सातपाटीहून आली. संध्याकाळची वेळ होती. केळव्याच्या घरी सुपारीला पाणी सोडून मी नुकताच ओट्यावर टेकलो होतो आणि फोनवर हिराबाईंचं नाव दिसलं. हिराबाई तांडेल सातपाटीच्या, पालघरच्या बाजारात उभी हयात मासळी विकलेल्या. त्या मला कधी आपणहून फोन करत नाहीत. मीच करतो, तोही बोंबील आलेत का हे विचारायला. “सर,” त्या म्हणाल्या, “बाई गेली आपली. दुपारी. पेपर वाचता वाचता.” मी काहीतरी बोललो असेन, काय ते आता आठवत नाही. आठवतो तो त्या क्षणीही मनात डोकावून गेलेला एक क्षुद्र विचार, आणि तो इथे कबूल करून टाकतो. निर्मलाबाईंच्या फोनच्या वहीत पहिल्याच पानावर ‘काही झाल्यास कळवावे’ असं लिहून खाली नावं होती. पहिलं हिराबाईंचं, दुसरं माझं. बाईंच्या मुलीने, तेव्हा घरी आलेल्या मानसीने, त्याच क्रमाने फोन लावायला घेतले, आणि माझा नंबर लागायच्या आधीच हिराबाईंनी मला गाठलं होतं. म्हणजे जातानाही बाईंनी नावांचा क्रम आपल्याला हवा तोच ठेवला होता. या क्रमावरून मी त्यांच्याशी वर्षानुवर्षं भांडलो आणि एकदाही जिंकलो नाही.

डॉ. निर्मला देशमाने पालघरच्या आमच्या कॉलेजात इतिहास शिकवायच्या आणि जीव लावून पुरातत्त्वाचं काम करायच्या. मी तिथेच ग्रंथपाल होतो. त्या मूळच्या साताऱ्याकडच्या. यजमानांना तारापूरच्या वीज प्रकल्पात नोकरी लागली म्हणून बोईसरला आल्या आणि इथल्याच झाल्या. यजमान गेल्यावर बेटेगावात दोन खोल्यांचं घर घेऊन राहिल्या. मला त्या नावाने कधी हाक मारत नसत, “ग्रंथपाल” म्हणत, आणि रागावल्या की “अहो ग्रंथपाल”. चालताना त्यांची नजर कायम जमिनीवर. खापराचा तुकडा, वेगळ्या रंगाची माती, कुठेही काही दिसलं की वाकायच्या. एकदा बोईसर स्टेशनबाहेर त्या अशाच खाली बघत उभ्या असताना एका रिक्षावाल्याने काळजीने विचारलं, “मॅडम, कुछ गिर गया क्या?” बाई वर न बघता म्हणाल्या, “हां भैया, हजार साल पहले.” तो बिचारा थोडा वेळ शोधत होता.

ज्या दगडांमुळे हे सगळं घडलं, ते त्यांना खाडीकाठच्या एका जुन्या भरावात मिळाले होते. मुठीत मावतील एवढे, मधोमध भोक असलेले. पुस्तकांतली चित्रं ताडून बघून बाईंनी ठरवलं की हे हातमागाचे आहेत, उभे धागे ताणून धरायला खाली बांधायची वजनं. तसा लेखही छापून आला. लेख आल्याच्या आनंदात त्यातले दोन दगड मला फोटोसाठी द्यायचे म्हणून त्या कापडी पिशवी घेऊन आल्या आणि मला म्हणाल्या, “चला, वाटेत बोलू.” माझी वाट मासळी बाजारातून जात होती. बाईंच्या घरी मासळी शिजत नसे, त्यामुळे त्या पदर नाकाला लावून चार हात लांब उभ्या राहिल्या, आणि पैसे काढायला मी पिशवी हिराबाईंच्या पाटीशेजारी ठेवली. एक दगड बाहेर घरंगळला. हिराबाईंनी तो उचलला, ओल्या हाताने पुसला, बोटाने भोकाची कड चाचपली आणि म्हणाल्या, “कुनाच्या जाळ्याचा काडला?”

“तो जाळ्याचा नाही, मागाचा आहे,” बाई लांबूनच म्हणाल्या. हिराबाई हसल्या. “मागावर काय समिंदर असतो? ह्यो बगा, दोन बाजूनं घासलाय. भरती हिकडं वढते, ओटी तिकडं. तुमच्या मागाचा असता तर वरच झिजला असता, सुतानं.” बाई पुढे आल्या. मग आणखी पुढे. पदर कधी सुटला हे त्यांना कळलंही नाही. पुढचा अर्धा तास पालघरच्या बाजारात, चारी बाजूंनी मासळीचा वास आणि गिऱ्हाइकांची ओरड असताना, त्या दोघी एका दगडाच्या भोकात बोटं घालून बसल्या होत्या आणि मी बोंबील हातात घेऊन उभा होतो.

मग सुरू झाले सातपाटीचे रविवार. किती ते मोजले नाहीत, पण कॉलेजात कुणाच्या घरचं कार्य रविवारी असलं की निर्मलाबाई येणार नाहीत हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. ओहोटीची वेळ हिराबाईंना विचारायची आणि त्याप्रमाणे निघायचं. मीही अधूनमधून जात असे, एक तर छत्री धरायला आणि दुसरं म्हणजे परतताना काही ताजं मिळेल या आशेने. चिखलातून हिराबाई पुढे चालायच्या, साडी गुडघ्यापर्यंत खोचून, एकदाही मागे न बघता बोलत. मागून बाई वही घेऊन लिहीत यायच्या आणि लिहिता लिहिता घसरायच्या. “बाई, आदी पाय बग, मंग लिव,” हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की अजूनही ओल्या जागी पाय टाकताना मला ते ऐकू येतं. कुठलं जाळं कुठे लावतात, वजन किती खोल बांधतात, दोर कुठे घासतो, दगड किती वर्षांत झिजतो… सगळं त्या वहीत उतरलं. हिराबाईंनी आपल्या सासऱ्यांच्या जाळ्याचा एक जुना दगड काढून दिला. जुन्या दगडांशेजारी तो ठेवला, तर झीज तीच. मुद्दा संपला होता. बाई मागाच्या बाबतीत साफ चुकल्या होत्या.

मी सल्ला दिला की आता गप्प बसावं, कोण विचारतंय. आपलीच चूक आपण कशाला छापायची? त्यांनी मला शांतपणे विचारलं, “अहो ग्रंथपाल, चुकीच्या कपाटात पुस्तक दिसलं तर तुम्ही काय करता?” मी म्हणालो, उचलून बरोबर कपाटात ठेवतो. “मग?” एवढंच त्या म्हणाल्या आणि लिहायला बसल्या. छोटासाच लेख, पण इंग्रजीत, म्हणजे पहिला लेख जिथवर गेला असेल त्याच्याही पुढे दुरुस्ती जावी. आणि लेखकाच्या जागी त्यांनी जे लिहिलं, ते मी तोवर कुठल्याही नियतकालिकात बघितलं नव्हतं. आपल्याकडे खरेदीखतात ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’ असतात ना, तसं त्यांनी लिहिलं: सांगणार हिराबाई तांडेल, लिहून घेणार निर्मला देशमाने. अर्थात इंग्रजीत, पण अर्थ हाच. संपादकांनी दोनदा विचारलं, बाईंनी दोन्ही वेळा तेच उत्तर पाठवलं. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, “जे घडलं ते लिहिलंय.”

आता वाचकांना थोडं समजावून सांगायला हवं, कारण पुढची सगळी गंमत आणि सगळं दुःख यात आहे. दुसऱ्या संशोधकाने आपल्या लेखात तुमच्या लेखाचा हवाला दिला की तुमच्या नावावर एक सायटेशन जमा होतं. हे हिशोब हल्ली कॉम्प्युटर ठेवतो, आणि विद्वानाची उंची त्यावरून मोजतात. कॉलेजातल्या प्रत्येकाचे असे आकडे काढून तक्ते करणं हे माझं काम होतं, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. बाईंचे बाकीचे लेख मराठीत, छोट्या छोट्या अंकांत आलेले. कॉम्प्युटरच्या लेखी ते जवळजवळ नव्हतेच. पण हा चिमुकला दुरुस्तीचा लेख कुठे कुठे पोचला. समुद्राकाठी काम करणारी माणसं दूरदूरच्या देशांतून त्याचा हवाला देऊ लागली. मी मोठ्या हौसेने तक्ता उघडला, तर बाईंच्या नावापुढे काहीच नाही. कॉम्प्युटरने ‘सांगणार’ला लेखक धरलं होतं आणि ‘लिहून घेणार’ सोडून दिली होती. पालघर तालुक्यातलं सगळ्यात जास्त हवाले मिळालेलं नाव सातपाटीच्या मासळीवालीचं होतं!

बाईंना हे सांगितलं तेव्हा त्या इतक्या हसल्या की वाचनालयातली पोरं माना वर करून बघायला लागली. मला मात्र हसू आलं नाही, कारण त्याच वर्षी त्यांच्या प्रोफेसरपदाच्या बढतीचे कागद जायचे होते आणि समिती आकडे बघणार होती. संपादकांना पत्र लिहून बाईंचं नाव लेखक म्हणून घालता येत होतं, फक्त हिराबाईंची संमती हवी होती. बाईंनी नाही म्हटलं. मग मी एक उद्योग केला. संमतीचं पत्र मराठी-इंग्रजी दोन्हींत टाइप केलं, सातपाटीला गेलो आणि हिराबाईंसमोर ठेवलं. त्यांनी ते सावकाश वाचलं. “बाईला ठाऊक हाय?” एवढंच विचारलं. मी म्हणालो, “हो.” त्यांनी सही केली. आयुष्यात मी फार मोठं खोटं कधी बोललेलो नाही, पण हे एक बोललो आणि ते मला चांगलंच बोचत राहिलं.

पत्र परस्पर पाठवायची माझी छाती झाली नाही, म्हणून बाईंना दाखवलं. त्यांनी वाचलं, घडी घातली आणि परत दिलं. “मी फाडणार नाही, हिराबाईंची सही आहे त्यावर. पण पाठवायचं नाही. तुमच्याजवळ ठेवा.” आवाज चढला नव्हता. त्यानंतर तीन आठवडे त्या वाचनालयात आल्या नाहीत. एकाच इमारतीत असून मला त्यांचा फक्त पाठमोरा पदर दिसायचा. चौथ्या आठवड्यात आल्या, नेहमीच्या खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, “समितीने नाही म्हटलंय. आता झालं ते झालं. चहा मागवा, ग्रंथपाल.” त्या प्रोफेसर न होताच निवृत्त झाल्या. मी ते मनाला लावून घेतलं, त्यांनी घेतलं नाही. घेतलं असेल तर मला दिसू दिलं नाही.

उलट कॉम्प्युटरच्या त्या चुकीतून त्यांनी एक सण काढला. त्या लेखाचा कुणी हवाला दिला की मला ई-मेल यायचा, तशी सोय मीच करून ठेवली होती. मेल आला की मी बेटेगावला फोन करायचो आणि येत्या रविवारी आम्ही दोघं सातपाटीला. बाई पेढे नेत. त्या परक्या लेखातलं नेमकं वाक्य त्या मराठी करून हिराबाईंना वाचून दाखवत आणि हिराबाई न्यायाधीशाच्या थाटात ऐकत. “कोन हाय हा?” “पोर्तुगालचे एक प्राध्यापक आहेत.” “त्याच्याकडं बोट हाय?” “ते विचारलं नाही मी.” “इचार की. नुसतं वाचून त्याला काय कळनार?” एकदा कुणीतरी लिहिलं की तांडेल यांचं म्हणणं शंकास्पद आहे, झीज वाळूनेही झाली असेल. हिराबाई भडकल्या. “त्याला म्हनावं भरतीच्या वक्ताला ये, मी दावते!” बाईंनी खरंच तसं सभ्य भाषेत लिहून पाठवलं. तो मनुष्य आला नाही, पण पुढच्या लेखात त्याने आपली शंका मागे घेतली, आणि त्या वेळी पेढ्यांचा पुडा दुप्पट होता. निघताना हिराबाई सुके बोंबील बांधून देत. बाई ते खात नसल्यामुळे पुडा माझ्याकडे येई. अशा रीतीने पुरातत्त्वातल्या प्रत्येक सायटेशनचा खरा लाभ मला झालेला आहे. आमच्या त्या रविवारांत आम्ही किती सुखी होतो हे मला तेव्हाही कळत होतं, हे भाग्यच म्हणायचं.

कॉलेजात बाईंची शोकसभा झाली तेव्हा कुणीतरी भलं मनात धरूनच पडद्यावर त्यांचं पान लावलं होतं. फोटो, पदवी आणि खाली सायटेशनचा आकडा. इतका लहान, की बोलायला उभा राहिलेला तरुण प्राध्यापक चाचरला, “संख्येने कमी असलं तरी मॅडमचं काम…” मानसी पहिल्या रांगेत बसली होती. ती पुण्याला सॉफ्टवेअरमध्ये आहे, आकड्यांची तिला सवय आहे, पण बाहेर आल्यावर तिने मला गाठलं. “काका, आईने जन्मभर पायपीट केली आणि तिच्या नावापुढे एवढंच? लोक यापुढे हेच बघणार ना?” मला राहवलं नाही. मी तिला पत्राबद्दल सांगितलं. कपाटाच्या खणात ते अजून होतं, सहीसकट. आता अडवायला बाई नव्हत्या. मानसी म्हणाली, “मग पाठवू या. पण आधी हिराकाकूंना परत विचारू.” तिचं ते ‘आधी’ ऐकून मला तिची आई दिसली.

रविवारी आम्ही सातपाटीला गेलो. अंगणात काठ्यांवर बोंबील वाळत होते. हिराबाईंनी मानसीला जवळ घेतलं. मग मी पत्र पुढे केलं आणि इतक्या वर्षांचं ओझंही उतरवून टाकलं. “हिराबाई, तेव्हा मी खोटं बोललो होतो. बाईंना माहीत नव्हतं.”

“ठाऊक हाय,” त्या म्हणाल्या. “मला बाईनंच सांगितलं, पुडच्याच रविवारी.”

“मग मला कधी बोलला नाहीत?”

“तुमी लाजंनं मासं घ्यायला यायचं बंद केलं असतं, सर.”

मानसीला हसू आलं, आणि हसता हसताच रडू आलं. हिराबाईंनी पत्र हातात घेतलं, आपली जुनी सही निरखली. “तुजी विच्छा असंल तर मी पुन्ना सही करते. माजं काय जातंय? पन त्या लेखात बाईचं नाव हाय ना? मला दाव.” मी लेखाची प्रत नेली होती. हिराबाईंना इंग्रजी येत नाही. मानसीने ती ओळ बोट फिरवत वाचून दाखवली, आधी एक नाव, मग स्वल्पविराम, मग दुसरं. हिराबाईंनी आपलं बोट दुसऱ्या नावावर ठेवलं आणि बराच वेळ तिथेच राहू दिलं. “हाय की,” त्या म्हणाल्या. “मी पुडं चालते, बाई मागून लिवत येते. तशीच चाललो आमी. आता तिला पुडं काडली, तर तिला वाट कोन दावनार?”

हिराबाई उठल्या, काठीवरचे मूठभर बोंबील काढले, ओसरीवर बसल्या आणि ते त्या पत्रातच बांधले, माझ्या टाइप केलेल्या ओळी आत आणि स्वतःची सही बाहेर. पुडा माझ्या हातात दिला. मी मानसीकडे बघितलं. तिने मान हलवली, म्हणजे असू द्या. ते बोंबील मी खाल्ले. कागदाला लागलेला वास कुठल्याही संपादकाला सहन होणार नाही, पण तो टाकवला नाही. बाईंच्या लेखांच्या फाइलीत तो ठेवलाय आणि ती फाइल उघडली की सातपाटी घरात येते.

पडद्यावरचा तो लहान आकडा तसाच आहे. मानसीने जाताना फक्त दोनच गोष्टी मागितल्या. एक, आईच्या टेबलावर कागद दाबायला असलेला हिराबाईंच्या सासऱ्यांचा दगड, आणि दुसरी, त्या लेखाचे मेल आपल्यालाही येतील अशी सोय. मला वाटलं, पुण्यात कामाच्या धबडग्यात ती ते उघडणारही नाही. परवा सकाळी तिचा फोन आला. माझा मेल मी अजून बघितला नव्हता. मागे पंखा चालू होता, कागद फडफडत होते, मग लाकडावर दगड ठेवल्याचा आवाज आला आणि फडफड थांबली.

“काका, कुणीतरी नवीन लिहिलंय. मी मराठी करून ठेवलंय,” ती म्हणाली. “पेढे मी आणते. ओहोटी कधी आहे, तेवढं हिराकाकूंना विचाराल?”